संगणकाचें बिऱ्हाड केव्हां हलवावें?

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांस एक गोष्ट सांगावयास नको. सामान हरवतें किंवा फुटतें तें बहुधा क्रम चुकल्यामुळें. जुन्या घराची किल्ली मालकाच्या हातीं दिली आणि माळ्यावरची ट्रंक तेथेंच राहिली, असे प्रकार पुष्कळ घरीं झालेले असतात. संगणकाच्या बाबतींतहि तेंच घडतें. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम बदलावयाची झाली म्हणजे आंतील हिशेब, पत्रें, छायाचित्रें यांचें बिऱ्हाड बदलापूर्वीं हलवावें कीं बदलानंतर, हा प्रश्न घरापुढें आणि दुकानापुढें सारखाच उभा राहतो.

आपल्याकडील असंख्य लोकांस हा प्रश्न एकाच वेळीं पडला तो सन २०२५ मध्यें. विंडोज १० ही ऑपरेटिंग सिस्टिम २९ जुलै २०१५ रोजीं निघाली होती. तिची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबेल असें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें जाहीर केलें होतें, व त्याप्रमाणें ती थांबली. तुळजापूरच्या एखाद्या दुकानदारानें ही तारीख पंचांगाशेजारीं ठेवून पाहिली असती, तर त्यानें कपाळाला हात लावला असता. त्या वर्षीं घटस्थापना २२ सप्टेंबरला, दसरा २ ऑक्टोबरला, कोजागिरी त्यानंतर चार-पांच दिवसांनीं, आणि १४ तारखेपासून आठवड्याभरांतच लक्ष्मीपूजन! कुंकवाचें, परड्यांचें, कवड्यांच्या माळांचें दुकान चालविणाऱ्यास, किंवा यात्रेकरूंना उतरावयास खोल्या देणाऱ्यास, वर्षाची कमाई होण्याचे हेच दिवस. दूरदेशीच्या कंपनीनें नेमलेली तारीख आपल्या गर्दीच्या ऐन मध्यावर येऊन पडली. अशा वेळीं काय करावें याचें उत्तर एका तारखेंत देतां येत नाहीं. तें क्रमानें द्यावें लागतें. तो क्रम कसा असावा, हें आज आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. संगणक हें एक संस्थान मानलें, तर ऑपरेटिंग सिस्टिम हा त्याचा दिवाण होय. कळफलकावर दाबलेलें अक्षर पडद्यावर नेणें, फाइल डिस्कवर कोठें ठेवली याची नोंद राखणें, छपाईयंत्राशीं गांठ घालून देणें, परक्यास दारांत अडविणें, हीं सर्व कामें त्याचीं. आपले हिशेब, पत्रें, छायाचित्रें हें त्या संस्थानचें दप्तर. दिवाण बदलला म्हणून दप्तर बदलत नाहीं. परंतु दप्तर कोणत्या लिपींत आहे, कोणत्या कपाटांत आहे आणि किल्ली कोणापाशीं आहे, हें एकट्या जुन्या दिवाणासच ठाऊक असेल, तर दप्तर जागेवर असूनहि निरुपयोगी होतें.

हें नुसतें रूपक नाहीं. तुळजापूर तालुका १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. पुढें १९५६ सालीं उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यांत गेला, १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, आणि २०२३ सालीं जिल्ह्याचें नांव धाराशिव झालें. इतके दिवाण बदलले. जुने कागद मात्र राहिले. कांहीं उर्दूंत, कांहीं मोडींत, आणि त्यांवरील सन फसली. फसली सनांत सुमारें ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, एवढी साधी गोष्टहि दोन पिढ्यांत विस्मरणांत जाते. मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं सन २०२३ मध्यें राज्य सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली, तेव्हां हीं दप्तरें पुन्हां सोडावीं लागलीं आणि मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची मदत घ्यावी लागली. कागद टिकले होते. वाचणारे विरळ झाले होते. जुनें वाचणारा जवळ आहे तोंवरच जुन्याचें नव्यांत रूपांतर करणें सोपें असतें. संगणकाच्या बाबतींत हा वाचणारा म्हणजे आपला जुना, अजून चालू स्थितींत असलेला संगणक होय. आजच्या विषयाचें सर्व सार या एका गोष्टींत आहे.

आतां बदल होतो तरी कसा? त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग जुन्या संगणकांतच जुन्या सिस्टिमवर नवी बसविण्याचा. यांत फाइली आणि प्रोग्रॅम बहुतेक जागच्या जागीं राहतात. दुसरा, डिस्क पुसून नवी सिस्टिम कोरी बसविण्याचा; यांत पूर्वीचें कांहींहि उरत नाहीं. तिसरा, नवा संगणक विकत आणून जुन्यांतलें दप्तर त्यांत नेण्याचा. २०२५ सालीं हा तिसरा मार्ग पुष्कळांच्या वांट्यास आला. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघालेल्या विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० ही सुरक्षेची सोय, निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि ठराविक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. सुरळीत चालणारे कित्येक संगणक या अटींत बसेनात.

पुढील विवेचनासाठीं आपण एक कुटुंब डोळ्यांपुढें ठेवूं. समजा, तुळजापुरांतील एका पुजाऱ्याच्या घरीं यजमानांचीं नांवें, गांवें व कुळाचार यांची वडिलोपार्जित वही आहे, आणि थोरल्या मुलानें ती पंधरा वर्षांपूर्वीं संगणकावर उतरवून काढली आहे. पुढें मूळ वहीला वाळवी लागली. त्याच संगणकावर घरांतील लग्नामुंजींचीं छायाचित्रें आहेत, आणि धाकट्या मुलाच्या दुकानाचे हिशेबहि आहेत. असें घर काल्पनिक असलें तरी अपूर्व नाहीं.

या कुटुंबानें पहिलें काम करावयाचें तें प्रत घेण्याचें. बदलाचा मार्ग कोणताहि असो, प्रत आधीं. पहिल्या मार्गांत फाइली जागेवरच राहतात, मग प्रत कशाला, असें पुष्कळांस वाटतें. परंतु सिस्टिम बसत असतां वीज गेली, किंवा आठ-दहा वर्षांची डिस्क त्या श्रमानें बसली, म्हणजे "बहुतेक" या शब्दाचा अर्थ कळतो. प्रत घेतांना डेस्कटॉपवरचें व डॉक्युमेंट्स फोल्डरमधलें सामान सर्वांच्या ध्यानांत राहतें. विसरतें तें निराळेंच. हिशेबाचा प्रोग्रॅम आपली माहिती स्वतःच्याच फोल्डरमध्यें ठेवीत असतो. ब्राउझरमध्यें पासवर्ड साठलेले असतात. ई-मेल संगणकावर उतरवून घेतलेली असते. आणि ज्यांच्याशिवाय मराठी दिसणार नाहीं ते फॉन्ट तर सिस्टिमच्या अगदीं आंतल्या खोलींत असतात. हें सर्व कागदावर लिहून काढावें आणि एकेक नेल्यावर खूण करावी. बिऱ्हाड हलवितांना आपली आजी हेंच करीत असे.

प्रत घेतली म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली पाहिजे. पांचपन्नास छायाचित्रें, दोनचार पत्रें, हिशेबाचें एखादें वर्ष उघडून पाहावें. न उघडलेल्या प्रतीचा भरंवसा धरूं नये. आणखी एक बारकावा असा कीं, विंडोजमध्यें फाइलीची नक्कल केली म्हणजे तिच्या निर्मितीची तारीख म्हणून नकलेचा दिवस लागतो. फेरफाराची तारीख व कॅमेऱ्यानें छायाचित्राच्या पोटांत लिहिलेली तारीख पूर्वींचीच राहते. परंतु पुष्कळ जुन्या कागदांचीं स्कॅन केलेलीं चित्रें केवळ तारखेवरून ओळखावयाचीं असतील, तर ती तारीख फाइलीच्या नांवांतच लिहून ठेवणें श्रेयस्कर.

प्रत ठेवावयाची कोठें? संगणकाला कायम जोडून ठेवलेली प्रत संगणकाबरोबरच बुडूं शकते. २७ जून २०१७ रोजीं नॉटपेट्या नांवाचा विघातक प्रोग्रॅम जगभर पसरला. मेर्स्क या डॅनिश जहाज-कंपनीचा कारभार त्यानें ठप्प केला, आणि आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत त्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचें कामहि अडलें. कंपनीला सुमारें ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर पुन्हां उभे करावे लागले. तें काम तिनें दहा दिवसांत केलें. तें शक्य झालें त्याचें कारण मोठें नवलाचें आहे. कंपनीच्या जाळ्यांत कोण कोठें आहे व कोणास कोणता अधिकार आहे, याची मुख्य नोंद ठेवणारे सर्व्हर देशोदेशीं होते. ते एकमेकांच्या नकला राखीत; पण सर्व एकाच जाळ्यांत असल्यामुळें सर्व एकदम पुसले गेले. वाचला तो आफ्रिकेंतील घाना देशांतला एकच. हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेलेली असल्यामुळें तो जाळ्यापासून तुटलेला होता. वीज जाण्याचे असे उपकार नेहमीं होत नाहींत. म्हणून एक प्रत घेऊन, तार काढून, कपाटांत ठेवावी, आणि दुसरी बहिणीच्या किंवा मुलीच्या घरीं, दुसऱ्या गांवीं द्यावी.

प्रतीनंतर दुसरें काम रूपांतराचें. येथें मराठी घरांची अडचण इंग्रजी घरांहून निराळी आहे. मराठी टंकलेखनाचीं कित्येक वर्षें निरनिराळ्या फॉन्टांवर गेलीं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचें आय.एस.एम., पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची श्री-लिपि, घरोघर पोंचलेला शिवाजी फॉन्ट, हीं नांवें आपण ऐकलीं असतील. या जुन्या फॉन्टांच्या पद्धतींत संगणकाला 'क' हें अक्षर ठाऊकच नसतें. फाइलींत रोमन अक्षरांचे व चिन्हांचे क्रमांक साठविलेले असतात, आणि फॉन्टाच्या मुखवट्यामुळें तेथें देवनागरी दिसते. मुखवटा काढला कीं खालीं अर्थहीन रोमन अक्षरें! कोऱ्या सिस्टिममध्यें किंवा नव्या संगणकांत तो फॉन्ट नसतो. आपल्या पुजाऱ्याच्या घरची सबंध वही तेथें अशी असंबद्ध दिसूं लागते, आणि फाइल बिघडली असें समजून कोणी ती पुसून टाकतो. दप्तर शाबूत असतां तें असें केवळ अज्ञानानें नष्ट होतें.

यावरील उपाय म्हणजे युनिकोड. सन १९९१ मध्यें या संकेताची पहिली आवृत्ति निघाली, तेव्हांपासून त्यांत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला एक ठरलेला क्रमांक आहे, व तो जगांतील सर्व संगणकांवर एकच असतो. विंडोज २००० पासून त्या घराण्यांत देवनागरी युनिकोडची सोय आहे. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्यें नेणारे प्रोग्रॅम मिळतात. परंतु त्यांवर डोळे मिटून विसंबूं नये. 'मूर्ति' हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टांत तो डोळ्यांस दिसतो त्या क्रमानें साठविलेला असतो: आधीं 'मू', मग ऱ्हस्व वेलांटी, मग 'त', आणि शेवटीं वरचा रफार. युनिकोडमध्यें तो उच्चाराच्या क्रमानें असतो: 'मू', मग अर्धा 'र', मग 'त', आणि शेवटीं वेलांटी. म्हणजे रूपांतरांत वेलांटी 'त'च्या नंतर न्यावी लागते आणि रफार 'त'च्या आधीं. 'पुजाऱ्याचा', 'शेतकऱ्यांस' या शब्दांतील चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' तर हिंदींत नाहींच. म्हणून हिंदीच्या हिशेबानें केलेल्या रूपांतरांत तो बिघडण्याचा संभव फार. नांवांच्या वहींत एक रफार चुकला म्हणजे एका घराण्याचें आडनांव बदलतें!

म्हणून रूपांतर जुन्या संगणकावरच करावें. तेथें जुना फॉन्ट आहे, जुना प्रोग्रॅम आहे, आणि श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरला लागणारें हार्डवेअर लॉकहि तेथें चालत आहे. एका बाजूस जुनें पान, दुसऱ्या बाजूस युनिकोडमधलें पान, असें समोरासमोर ठेवून घरांतील जाणत्या माणसानें वाचून घ्यावें. या कामाला नव्या सिस्टिमची वाट पाहावी लागत नाहीं. विंडोज १० लाहि युनिकोड येतेंच. तेव्हां बदलाच्या आधीं सहा महिने सुरुवात केली तरी चालते. उलट बदल झाल्यावर करूं म्हटलें, तर जुना वाचणारा गेलेला असतो.

हीच गोष्ट जुन्या प्रोग्रॅमची. पतसंस्था, दूधसंस्था, लहान दुकानें यांच्यासाठीं एके काळीं डॉसवर चालणारे फॉक्सप्रोचे हिशेबी प्रोग्रॅम लिहिले जात. बत्तीस बिटांच्या विंडोजमध्यें ते पुढेंहि बरेच दिवस चालत राहिले. विंडोज ११ मात्र चौसष्ट बिटांचीच निघते आणि तींत ते थेट चालत नाहींत. धाकट्या मुलाच्या दुकानाचा प्रोग्रॅम असा असेल, तर वर्षवार खतावणी व येणेंदेणें एक्सेलसारख्या सर्वत्र उघडणाऱ्या रूपांत आधींच काढून घ्यावें, आणि प्रत्येक वर्षाची अखेरची शिल्लक दोन्हीं ठिकाणीं सारखी येते कीं नाहीं तें ताडून पाहावें. बेरीज जुळली तरच बिऱ्हाड पोंचलें.

तिसरें काम किल्ल्यांचें. खात्यांचीं नांवें व पासवर्ड, प्रोग्रॅमचे परवाने, आणि डिस्क कुलुपबंद असल्यास तिची ४८ अंकी पुनःप्राप्ति-किल्ली, हीं कागदावर लिहून दागिन्यांच्या कपाटांत ठेवावीं. सन २०२४ मध्यें निघालेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून, कोरी सिस्टिम बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें प्रवेश केला असतां, पुष्कळ संगणकांत डिस्क आपोआप कुलुपबंद होते आणि किल्ली त्या खात्यांत जाऊन राहते. हें चोरापासून संरक्षण आहे खरें. परंतु तें खातें दुकानांतल्या मुलानें घाईनें उघडून दिलें असेल आणि त्याचा पासवर्ड कोणासच ठाऊक नसेल, तर घरचा धनीच बाहेर राहतो.

मग प्रत्यक्ष बदलाचा दिवस कोणता निवडावा? याविषयीं तुळजापूरचा परिपाठच बोधप्रद आहे. येथील देवीची मूर्ति चल आहे. वर्षांतून तीन वेळां ती सिंहासनावरून पलंगावर निद्रेसाठीं नेतात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषांत शाकंभरी नवरात्रापूर्वीं मोहनिद्रा. यामागचा भाव भक्तीचा आहे, आणि यंत्राशीं त्याची बरोबरी करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु नुसती व्यवस्था म्हणून पाहिलें तरी ती किती शहाणपणाची आहे! हलविणें उत्सवाच्या आधीं आहे किंवा नंतर आहे. नवरात्र चालू असतां मूर्ति सिंहासनावरच असते. शिवाय जाण्याची तिथि जशी ठरलेली, तशी परत येण्याचीहि ठरलेली.

दुकानदारानेंहि हाच नियम करावा. सण, लग्नसराई, आर्थिक वर्षाची ३१ मार्चची अखेर, हे दिवस वर्ज्य. जी.एस.टी.चीं विवरणपत्रें दरमहा भरणाऱ्यास ११ आणि २० या तारखा महत्त्वाच्या. तेव्हां वीस तारीख उलटल्यावरचा आठवडा त्यांतल्या त्यांत मोकळा. २०२५ सालीं ज्यानें श्रावणांत प्रत व रूपांतर उरकलें, त्यास घटस्थापनेपूर्वीं बदल करतां आला. ज्याला तें जमलें नाहीं, त्यानें नवरात्रांत संगणकाला हात न लावणेंच योग्य होतें. घरगुती वापरासाठीं नांव नोंदविणाऱ्यांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविण्याची सवलत कंपनीनें आधींच जाहीर केली होती. ती घेऊन दिवाळीनंतर निवांत काम करण्यांत कांहींच कमीपणा नव्हता.

परंतु सवलत म्हणजे विसावा, मुक्काम नव्हे. देखभाल थांबलेली सिस्टिम दुसऱ्या दिवशीं बंद पडत नाहीं, आणि धोका आहे तो यांतच. तिच्यांत सांपडणारीं नवीं भगदाडें यापुढें कोणी बुजवीत नाहीं, एवढाच फरक पडतो, व तो डोळ्यांस दिसत नाहीं. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाच्या प्रोग्रॅमनें सुमारें दीडशे देशांतील संगणकांच्या फाइली कुलुपबंद करून खंडणी मागितली. ज्या भगदाडांतून तो शिरला तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनीं ती लावली नव्हती, आणि ज्यांच्या जुन्या सिस्टिमला ती मिळतच नव्हती, त्यांचे संगणक उघडे पडले. तेव्हां घाई जशी वाईट, तशी दिरंगाईहि वाईट.

बदलाच्या दिवसाबद्दल आणखी दोन गोष्टी. पहिली ही कीं, मोठी प्रत महिनाभर आधीं घेतलेली असली तरी मधल्या दिवसांत नव्या नोंदी होतच असतात. म्हणून ठरल्या दिवशीं दुकान बंद झाल्यावर जुन्या संगणकावर लिहिणें थांबवावें, मागील प्रतीनंतर बदललेल्या तेवढ्याच फाइली पुन्हां न्याव्या, आणि त्यानंतर जुन्यावर एक ओळहि लिहूं नये. नाहींतर सकाळची विक्री एका वहींत आणि संध्याकाळची दुसऱ्या वहींत, असें होऊन दोन्हीं वह्या खोट्या पडतात. दुसरी गोष्ट, एका दिवशीं एकच बदल करावा. नवी सिस्टिम, नवा हिशेबी प्रोग्रॅम आणि नवें छपाईयंत्र अशीं तिन्हीं एकदम आणलीं, तर बिघाड कोठें आहे हें ब्रह्मदेवालाहि सांगतां येणार नाहीं.

मोठमोठ्या संस्थांसहि हें चुकलेलें आहे. इंग्लंडांतील टी.एस.बी. बँकेनें एप्रिल २०१८ मध्यें एका शनिवार-रविवारच्या सुटींत आपल्या सुमारें ५२ लक्ष ग्राहकांचीं खातीं जुन्या व्यवस्थेंतून नव्या व्यवस्थेंत एकदम हलविलीं. चमत्कार असा कीं, माहिती बिनचूक पोंचली. नवी व्यवस्था मात्र त्या भाराखालीं कोलमडली. ग्राहकांचे पैसे होते, नोंदी होत्या. पण पुष्कळांस आपलें खातें पाहतां येईना. कारभार पूर्वपदावर येण्यास त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला, आणि २०२२ च्या डिसेंबरांत तेथील नियामकांनीं बँकेला ४ कोटि ८६ लक्ष ५० हजार पौंडांचा दंड केला. सामान पोंचलें एवढ्यानें घर लागलें असें होत नाहीं, हें त्यावरून दिसतें. म्हणून आधीं एका कोपऱ्यांत, थोड्या फाइलींवर, नवी व्यवस्था आठ दिवस चालवून पाहावी, आणि मग सर्व हलवावें.

शेवटचें काम जुनें घर सोडण्याचें; आणि नेमकी येथेंच घाई होते. विंडोज ११ जुन्या सिस्टिमवर बसविली असतां पूर्वपदावर परत जाण्याची सोय सामान्यतः दहा दिवस असते. त्यानंतर जुन्या सिस्टिमचें सामान संगणक स्वतःच काढून टाकतो. तेव्हां हे दहा दिवस कसोटीचे समजावे. त्या दिवसांत छपाई करून पाहावी, स्कॅन करून पाहावें, विवरणपत्राचा नमुना काढून पाहावा, वहींतील पांचपन्नास नांवें वाचून पाहावीं. जागा हवी म्हणून सफाईचा प्रोग्रॅम चालवूं नये. तो परतीची वाटच झाडून टाकतो.

दहा दिवसांनीं सर्व ठीक वाटलें तरी जुनी डिस्क, किंवा जुना संगणक, निदान वर्षभर जपून ठेवावा. वर्षच कां? घरांतील कित्येक कागद वर्षांतून एकदांच लागतात. घरपट्टीची पावती मार्चमध्यें लागते, विम्याचा कागद हप्त्याच्या दिवशीं लागतो, आणि लांबच्या गांवच्या यजमानाचें नांव पुढच्या नवरात्रांत तो दारांत येऊन उभा राहतो तेव्हां लागतें. काय मागें राहिलें तें वर्षाचें चक्र एकदां पुरें फिरल्याशिवाय कळत नाहीं. तोंवर जुना संगणक इंटरनेटपासून तोडून, कापड घालून, कोरड्या जागीं ठेवावा. वर्ष झाल्यावर त्याची डिस्क काढून किंवा नीट पुसूनच तो भंगारवाल्याच्या हातीं द्यावा. नाहींतर आपलें दप्तर त्याच्याबरोबर बाजारांत जातें.

तेव्हां श्रोतेहो, प्रत आधीं, रूपांतर आधीं, किल्ल्या आधीं, बदल मोकळ्या दिवशीं आणि एकटा, तपासणी लगेच, आणि निरोप वर्षानें. कंपनीची तारीख आपल्या हातीं नसते, पण हा क्रम सर्वस्वीं आपल्या हातांत असतो. पुजाऱ्याच्या त्या वहींत कोणा एका घराण्याचीं सात पिढ्यांचीं नांवें आहेत. पुढच्या नवरात्रांत त्या घराण्यांतला तरुण येईल, आपल्या पणजोबाचें नांव विचारील, आणि नव्या संगणकाच्या पडद्यावर तें रफारवेलांटीसह शुद्ध उमटेल, तेव्हां बिऱ्हाड सुखरूप पोंचलें असें म्हणावें.